चौकातली चूक आणि तिची किंमत

अपघात विभागात काही वर्षे काढली की जखमाच बोलू लागतात. छाती स्टिअरिंगवर आपटलेली आणि गुडघे फुटलेले असले, की समोरासमोरची टक्कर. मानेला नुसता हिसका बसलेला असला, की मागून ठोकर. आणि एकाच अंगाच्या बरगड्या, त्याच अंगाचा खुबा आणि पोटातला त्या बाजूचा अवयव असे सगळे एका ओळीत दुखावलेले दिसले, की समजावे, हा माणूस चौकात आडव्या येणाऱ्या वाहनाच्या तोंडी सापडला.

असाच एक रुग्ण मला विसरता येत नाही. पस्तिशीचा गृहस्थ. नातेवाइकाचे लग्न उरकून रात्री साडेबाराच्या सुमारास पत्नीसह घरी निघाला होता. शहरातला नेहमीचाच चौक. रात्री उशिरा तिथला सिग्नल पिवळा लुकलुकत ठेवतात. उजवीकडून भाजीचा टेम्पो आला आणि थेट त्याच्या दाराला भिडला. उजव्या बरगड्या मोडल्या होत्या, यकृत फाटले होते, कमरेचे हाड दोन ठिकाणी तुटले होते. शल्यचिकित्सकांनी पोट उघडले, रक्ताच्या पिशव्या धावतपळत आणल्या. पहाटे तो गेला. शेजारी बसलेल्या पत्नीच्या अंगावर मोजून चार ओरखडे होते. बाहेर बाकावर बसलेला टेम्पोचालक पोलिसांना पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, ‘‘साहेब, मला पिवळाच दिसत होता.’’

खरेच होते ते. दोघांनाही पिवळाच दिसत होता. दोघांपैकी कुणीही दारू घेतली नव्हती. लुकलुकणारा पिवळा म्हणजे ‘जपून, बघून जा’, हे दोघांनाही ठाऊक असणार. पण एवढ्या रात्री रस्ता मोकळाच असेल असे दोघांनाही वाटले. एवढीच काय ती चूक. अशी चूक मी स्वतः कितीदा केली असेल, आणि वाचकांपैकीही प्रत्येकाने केली असेल.

त्या पहाटेपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आहे. एवढ्याशा चुकीला एवढी मोठी शिक्षा का? त्याचे उत्तर शोधताना मी वैद्यकाच्या पुस्तकातून रस्तेबांधणीच्या पुस्तकात गेलो आणि तिथे मला साधे गोल सर्कल भेटले. तेच, ज्याला आपण वर्षानुवर्षे पुतळा किंवा कारंजे बसवण्याची जागा समजत आलो आहोत.

आधी शरीराचे गणित पाहू. धावत्या गाडीत ऊर्जा साठलेली असते. ती गाडी एकाएकी थांबली की ऊर्जेला कुठेतरी जावेच लागते, पत्र्यात किंवा हाडामासात. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली पडणे. ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, चौथ्या मजल्यावरून, पडणे. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बहुधा प्लास्टर घालून घरी जातो. चौथ्या मजल्यावरून पडलेल्याची आम्ही शर्थ करतो, पण खात्री देत नाही.

त्यात धडकेची दिशाही महत्त्वाची. समोरून धडक बसली तर तुमच्या आणि समोरच्या वाहनाच्या मध्ये इंजिन आणि बॉनेट असे तीन-चार फुटांचे लोखंड चुरगळायला असते. चुरगळताना ते ऊर्जा पिऊन टाकते. बाजूने धडक बसली तर मध्ये असते एक दार आणि वीतभर मोकळी जागा. दुचाकीस्वाराच्या आणि पायी चालणाऱ्याच्या बाबतीत तर तेवढेही नसते. शरीराची सहनशक्ती ठरलेली आहे, ती वाढवणारी गोळी अजून निघालेली नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात : धडकेचा वेग कमी करणे आणि धडकेचा कोन बदलणे.

आता नेहमीचा चौक पाहू. चार रस्ते काटकोनात मिळतात, तिथे वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात. सरळ जाणारा, डावीकडे वळणारा, उजवीकडे वळणारा, अशा चारही बाजूंच्या रेघा कागदावर काढून पाहिल्या तर हे जाळे स्पष्ट दिसते. या ३२ पैकी १६ ठिकाणी वाटा एकमेकींना छेदतात, म्हणजे तिथे आडवी धडक होऊ शकते. सिग्नल या वाटा वेळेने वेगळ्या करतो. आधी तू, मग मी. व्यवस्था चांगली आहे, पण ती एका अटीवर उभी आहे : प्रत्येकाने प्रत्येक वेळी दिवा पाहिला पाहिजे आणि पाळला पाहिजे. वीज गेली, दिवा बिघडला, रात्री लुकलुकता पिवळा लावला किंवा ‘अजून दोन सेकंद आहेत’ म्हणून कुणी वेग वाढवला, की ते १६ बिंदू जसेच्या तसे उघडे पडतात. सिग्नल चुकवणारा माणूस बहुधा वेगातच असतो, कारण दिवा लाल होण्याआधी निसटण्यासाठी त्याने वेग वाढवलेला असतो. सर्वांत मोठा वेग आणि सर्वांत वाईट कोन हे दोन्ही एकाच ठिकाणी एकत्र येतात.

एका लेनच्या सर्कलमध्ये हेच भिडण्याचे बिंदू ३२ वरून ८ वर येतात. चार ठिकाणी वाहने प्रवाहात मिसळतात, चार ठिकाणी बाहेर पडतात. एकमेकांना आडवे जाण्याचा बिंदू एकही उरत नाही. सगळे एकाच दिशेने फिरतात, आपल्याकडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. शिवाय मधल्या गोलामुळे प्रत्येकाला वळावेच लागते, आणि वळायचे म्हणजे वेग कमी करावाच लागतो. नीट आखलेल्या छोट्या सर्कलमध्ये गाडी ताशी २५ ते ३५ किलोमीटरच्या पुढे सहजी जातच नाही. तिथेही माणसे चुकतात. मोबाइल पाहतात, अंदाज चुकतो, घाई करतात. पण त्या चुकीचा शेवट तिरक्या घासण्याने होतो. बंपर निघतो, आरसा तुटतो, दोघे खाली उतरून तावातावाने भांडतात. भांडायला दोघेही जिवंत असतात, हे आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोठे यश आहे.

मग सर्कल इतके गुणकारी आहे तर जगाने ते आधीच का उचलले नाही? उचलले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये चौकांभोवती वाहने एका दिशेने फिरू लागली होती. पण त्या जुन्या सर्कलांत एक मोठी खोट होती. अनेक ठिकाणी आत शिरणाऱ्याचाच हक्क मोठा मानला जाई किंवा कुणी थांबायचे याचा नियमच नसे. गर्दी झाली की बाहेरचे आत घुसत राहत, आतल्यांना बाहेर पडता येत नसे आणि सगळे चाक जाम होई. पॅरिसच्या विजय कमानीभोवती आजही शिरणाऱ्यालाच प्राधान्य आहे, आणि तिथला गोंधळ प्रवासी कौतुकाने पाहतात.

ही गाठ ब्रिटनने सोडवली. १९६६ मध्ये तिथे नियम झाला : शिरणाऱ्याने थांबायचे, आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. तिथल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील फ्रँक ब्लॅकमोर यांनी या विचाराचा पाठपुरावा केला आणि पुढे छोट्या सर्कलांचे प्रयोगही केले. वरवर पाहता हा किरकोळ बदल. पण त्यामुळे सर्कल आपोआप मोकळे होऊ लागले आणि शिरताना वेग कमी करणे भाग पडले. आधुनिक सर्कलचा जन्म सिमेंटच्या गोलातून झाला नाही, तो या एका नियमातून झाला. हे वाक्य आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहे, त्याकडे पुन्हा येतो.

याचा पुरावा काय, असे डॉक्टरने विचारलेच पाहिजे. अमेरिकेत सिग्नलचे किंवा थांबा-पाटीचे २४ चौक सर्कलमध्ये बदलले गेले, त्यांचा आधीचा आणि नंतरचा हिशेब अभ्यासकांनी मांडला. एकूण अपघात सुमारे ४० टक्क्यांनी घटले, माणूस जखमी होणारे अपघात सुमारे ७५ टक्क्यांनी घटले आणि जीवघेण्या किंवा कायमचे अपंगत्व आणणाऱ्या अपघातांत सुमारे ९० टक्के घट दिसली. नॉर्वेच्या रुने एल्विक यांनी २०१७ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा अंदाज अधिक सावध आहे : जीवघेणे अपघात सुमारे ६५ टक्क्यांनी आणि जखमींचे अपघात सुमारे ४० टक्क्यांनी कमी. आकडे वेगळे असले तरी रोख एकच आहे. अपघात थोडे घटतात, मृत्यू मात्र भरपूर घटतात. एखाद्या औषधाने मृत्यूचा धोका एवढा कमी केला असता तर ते गावोगावच्या आरोग्य केंद्रात पोहोचवण्यासाठी आपण मोर्चे काढले असते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील कार्मेल या शहराने हे मनावर घेतले. जेम्स ब्रेनार्ड हे १९९६ पासून २०२३ अखेरपर्यंत तिथे महापौर होते. त्यांच्या काळात शहरात दीडशेच्या आसपास सर्कल झाले आणि बहुतेक सिग्नल निघून गेले.

औषधाचे गुण सांगितले की दुष्परिणामही सांगावेत, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ९१ सर्कलांचा अभ्यास झाला, तेव्हा सायकलस्वारांचे जखमी होण्याचे अपघात कमी होण्याऐवजी सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. मोटारींना जे सर्कल मानवले, ते सायकलींना मानवले नाही. गोलात फिरणारा सायकलस्वार बाहेर पडणाऱ्या मोटारचालकाच्या नजरेत येत नाही, हे त्याचे एक कारण. नेदरलँड्समध्ये म्हणून अनेक सर्कलांभोवती सायकलींसाठी वेगळा मार्ग ठेवतात. ज्यांना दिसत नाही अशा व्यक्तींचीही अडचण होते, कारण सर्कलमध्ये वाहने पूर्ण थांबल्याचा तो ओळखीचा शांत क्षण येत नाही. दोन-तीन लेनच्या मोठ्या सर्कलमध्ये लेन बदलण्याची धांदल असते आणि वेगही वाढतो, म्हणून तिथला फायदा घटतो. शिवाय प्रत्येक सर्कलला क्षमतेची मर्यादा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या मार्गदर्शिकेने सर्व बाजूंनी मिळून ताशी सुमारे ३,००० वाहने ही कमाल मर्यादा सांगितली होती. त्यापुढच्या चौकाला सिग्नल किंवा दुसरा काही उपाय लागतो. तेव्हा मुंबई-पुण्याच्या भरगच्च नाक्यांवर सिग्नल काढून टाका, असे मी मुळीच म्हणत नाही.

फ्लँडर्सचा धडा आपल्याला विशेष लागू आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली, म्हणजे दिवसाला ४६० हून अधिक. त्यांतले ६० टक्क्यांहून जास्त लोक दुचाकीवरचे किंवा पायी चालणारे होते. आपला रस्ता मुख्यतः त्यांचा आहे. परदेशातला मोटारींसाठी आखलेला नकाशा इथे तसाच चिकटवला तर चालणार नाही. पण वेग आणि कोन यांचे गणित दुचाकीलाही लागूच आहे, किंबहुना जास्तच. ताशी ३० च्या तिरक्या धक्क्याने पडलेला, हेल्मेट घातलेला मुलगा मनगट मोडून येतो. ताशी ६० ने आडवा उडालेला मुलगा बहुतेकदा बेशुद्ध येतो.

आता आपल्या सर्कलांकडे वळू. सर्कल आपल्याला नवे नाहीत. ल्युटेन्सच्या नव्या दिल्लीत आणि चंडीगडमध्ये ते शहराच्या आखणीतच आहेत. माटुंग्याचे किंग्ज सर्कल, आजचे महेश्वरी उद्यान, मुंबईकरांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक गावात एक तरी पुतळ्याचा चौक असतोच. पण आपण गोल बांधला आणि नियम विसरलो. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, हे तत्त्व आपल्या रस्ते नियमावलीत १९८९ पासून लेखी आहे. प्रत्यक्षात ज्याचे वाहन मोठे किंवा ज्याचा हॉर्न मोठा, त्याची वाट पहिली. उजवीकडे वळायचे तर पूर्ण फेरी मारायचा कंटाळा, म्हणून दुचाकीवाला सर्कलच्या उलट बाजूने घुसतो. ज्या एका गुणावर सर्कलची सारी सुरक्षितता उभी आहे, एकच दिशा, तोच गुण तो मोडतो आणि आडव्या-समोरच्या धडकेला परत आमंत्रण देतो. कडेला रिक्षांचा थांबा, वळणावरच वडापावची गाडी, नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांनी झाकलेले वळण. चालणाऱ्याला पदपथ नाही, म्हणून तो वाहनांमधून वाट काढत मधल्या गोलापर्यंत जातो. अशा जागेला सर्कल म्हणणे म्हणजे रिकाम्या सलाइनच्या बाटलीला औषध म्हणणे.

करायचे काय, हे अवघड नाही. नगरपालिकांनी आधी मध्यम गर्दीचे आणि वारंवार अपघात होणारे चौक निवडावेत. शहराच्या कडेचे, बाह्यवळणाच्या तोंडाचे, रात्री पिवळा दिवा लुकलुकणारे. तिथे एक लेनचे, आटोपशीर सर्कल करावे. शिरण्याच्या तोंडाशी रस्ता वळवून अरुंद करावा, म्हणजे वेग तिथेच पडेल. ‘वाट द्या’ची पाटी आणि रस्त्यावर तुटक पांढरी रेघ हवी. झेब्रा पट्टे सर्कलच्या तोंडावर नकोत, एका गाडीच्या लांबीइतके मागे हवेत, आणि दोन्ही प्रवाहांच्या मध्ये उभे राहायला छोटे बेट हवे. त्यामुळे आजीला एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहून रस्ता ओलांडता येतो. वळणाच्या पन्नास पावलांत थांबा, हातगाडी, फलक काहीही नको. सर्कलला वीज लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी ते काम करत राहते. आणि काम संपल्यावर आधीचे व नंतरचे अपघात मोजावेत. मोजमापाशिवाय उपचार चालू ठेवणे आम्हाला रुग्णालयात परवडत नाही, तसे ते महापालिकेलाही परवडू नये.

पण पालिकेची वाट न पाहता आपणही काही करू शकतो. सर्कल दिसले की शिरण्याआधीच वेग कमी करा. उजवीकडे पाहा आणि आतून फिरत येणाऱ्याला जाऊ द्या. तुम्ही आधी हॉर्न वाजवलात म्हणून वाट तुमची होत नाही. पूर्ण फेरी मारावी लागली तरी उलट बाजूने शिरू नका, त्या फेरीला अर्धे मिनिटही लागत नाही. बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्या आणि डावीकडे दुचाकी किंवा पायी माणूस नाही ना, ते पाहा. आणि सिग्नलच्या चौकात रात्री पिवळा लुकलुकताना दिसला, तर त्याचा अर्थ ‘जवळजवळ थांबा’ असाच घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तरी जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. हे गणित उलट्या दिशेनेही चालते. थोडा वेग सोडला तरी खूप काही वाचते.

अपघातानंतर आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘चूक कुणाची?’ पोलिसांना आणि न्यायालयाला तो विचारावाच लागतो. पण आरोग्याच्या दृष्टीने त्याआधीचा प्रश्न मोठा आहे : त्या चुकीने जीव का घेतला? दमलेली, घाईत असलेली, घरच्या विचारात हरवलेली माणसे रस्त्यावर उद्याही असणार आहेत. त्यांना उपदेश करून चुका पूर्ण थांबतील, असे तीस वर्षे रुग्ण पाहिल्यावर मला वाटत नाही. चौक मात्र बदलता येतो.

ज्या चौकात तो पस्तिशीचा गृहस्थ गेला, तिथे आजही सिग्नल आहे आणि रात्री तो पिवळाच लुकलुकतो. त्या जागी नीट आखलेले सर्कल असते, तर कदाचित त्या रात्री टेम्पोचा कोपरा त्याच्या गाडीला घासला असता. दोघे उतरून रात्री साडेबाराला कडाकडा भांडले असते. आणि मी त्या दोघांनाही कधी भेटलो नसतो.